बॅले शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाडा-सांध्यांच्या दुखापती : त्या कशा ओळखाव्यात, कशा टाळाव्यात आणि बरे झाल्यावर वर्गात कसे परतावे

ब्रिटनमधील तीन व्यावसायिक बॅले शाळांतील २६६ विद्यार्थ्यांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्या एका वर्षात दर चारपैकी सुमारे तिघांना कोणती ना कोणती दुखापत झाली होती, आणि त्यांतील ७२ टक्के दुखापती पडल्या-घसरल्यामुळे झालेल्या नव्हत्या. तीच हालचाल रोज शेकडो वेळा करता करता त्या हळूहळू साचत गेल्या होत्या. पालकांच्या दृष्टीने यातली दिलासा देणारी बाब अशी की साचत जाणारी दुखापत आधी सूचना देते. ती सूचना कशी वाचावी आणि वाचल्यावर काय करावे, हे साधारण १० ते १८ वयाच्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना क्रमाने सांगावे, असा या लेखाचा हेतू आहे. मुंबई-पुण्यात आठवड्याला दोन-तीन तास शिकणारी मुलगी आणि लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत रोज चार तास सराव करणारी मुलगी यांच्यावरचा भार वेगळा असला, तरी वाढत्या शरीराचे नियम दोघींना सारखेच लागू होतात.

पहिली पायरी : उंचीची नोंद ठेवा

भिंतीवर पेन्सिलीने खूण करून दर तीन महिन्यांनी उंची मोजावी आणि तारखेसह लिहून ठेवावी. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढ दिसली, तर मूल झपाट्याने वाढण्याच्या टप्प्यात आहे असे धरून चालावे. हा टप्पा मुलींमध्ये सर्वसाधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. सडपातळ नर्तिकांमध्ये तो काहीसा उशिरा येणेही सामान्य आहे.

या काळात हाडांची लांबी आधी वाढते आणि त्यांत खनिजे भरण्याचे काम काही महिने मागे राहते, त्यामुळे लांब झालेले हाड काही काळ तुलनेने कमकुवत असते. स्नायूही ताणलेले राहतात. काल सहज उचलला जाणारा पाय आज उचलत नाही, तोल जातो, गिरकी बिघडते. मुलीला वाटते आपण मागे पडलो, शिक्षकांना वाटते ती आळस करते, आणि मग दोघेही जोर वाढवतात. नेमका हाच काळ जोर कमी करण्याचा असतो. उड्यांची संख्या घटवावी, पाय किती उंच जातो याचा आग्रह सोडावा आणि त्याऐवजी पोटाचे, खुब्याचे व पोटरीचे बळ वाढवणाऱ्या व्यायामांना वेळ द्यावा. टाचेच्या मागच्या बाजूला किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबले असता दुखत असेल, तर बहुधा स्नायूची कंडरा वाढत्या हाडाला जेथे चिकटते तेथे ताण पडत असतो. हे दुखणे भार कमी केल्यावर शमते; मात्र ते अंगावर काढत उड्या मारत राहिल्यास महिनोन्‌महिने रेंगाळते. वाढीचा टप्पा सुरू झाल्याचे शिक्षकांना स्पष्ट सांगावे, कारण वीस मुलांच्या वर्गात ते त्यांच्या आपोआप लक्षात येईलच असे नाही.

दुसरी पायरी : भाराचा हिशेब

एका वहीत रोज दोन आकडे लिहावेत : सराव किती मिनिटे झाला आणि तो शून्य ते दहा या मोजपट्टीवर किती दमवणारा वाटला. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. आठवड्याची बेरीज मागच्या तीन-चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा एकदम वर गेली, तर पुढचा आठवडा जपून घालवावा. बेरजेत बॅलेबरोबर बाकीचेही सगळे काही धरावे. आपल्याकडे बॅले शिकणाऱ्या अनेक मुली त्याच जोडीला कथक किंवा भरतनाट्यमही शिकतात. अनवाणी पायांनी कठीण जमिनीवर केलेल्या पदन्यासाचा भार त्याच नडगीवर आणि त्याच चवड्यावर पडतो, पण दोन्ही वर्गांचे शिक्षक आपापल्या तासापुरताच विचार करतात. हा हिशेब घरातूनच ठेवावा लागतो.

सुट्टीनंतरचे पहिले दिवस आणि परीक्षा किंवा कार्यक्रमाच्या आधीचे दिवस सर्वांत जोखमीचे. मे महिना पूर्ण विश्रांतीत घालवून जूनमध्ये थेट पूर्ण वेगाने सुरुवात करणे, किंवा रॉयल अकॅडमी ऑफ डान्स या संस्थेच्या बॅले परीक्षेआधी दोन आठवडे तालमी दुप्पट करणे, या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. सुट्टीनंतर दोन ते तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने भार वाढवावा. तास वाढवायचे असतील त्या आठवड्यात उड्या वाढवू नयेत. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टीचा असावा, आणि कुमारवयात रात्रीची झोप आठ ते दहा तासांची असावी. वर्ग, शाळा आणि शिकवण्या यांच्या ओढाताणीत सर्वांत आधी झोपेलाच कात्री लागते.

तिसरी पायरी : टर्नआउट जमिनीवर नव्हे, खुब्यात तपासा

बॅलेतील जवळजवळ प्रत्येक स्थिती पाय बाहेरच्या दिशेला वळवून केली जाते, आणि या वळणाचा, म्हणजेच टर्नआउटचा, मोठा भाग खुब्याच्या सांध्यातून यायला हवा. खुब्याची खोबण किती खोल आहे, मांडीच्या हाडाची मान कोणत्या कोनात आहे, हे जन्मतःच बऱ्याच अंशी ठरलेले असते. सरावाने उपलब्ध असलेले वळण पूर्ण वापरायला शिकता येते, हाडाचा आकार बदलता येत नाही. दोन्ही पाय एका सरळ रेषेत येऊन १८० अंश भरणे फारच थोड्यांना निसर्गतः शक्य असते. छायाचित्रांत लहान मुली ते सहज करताना दिसतात, पण त्यांतील पुष्कळ जणी पाऊल जमिनीवर घट्ट रोवून गुडघा आणि नडगी पिळत असतात.

घरी पाहण्यासारखी एक खूण आहे. मुलीला पहिल्या स्थितीत, म्हणजे टाचा जुळवून आणि पावले बाहेर वळवून, उभे करून प्लिए करायला, म्हणजे गुडघे वाकवून खाली जायला सांगावे आणि समोरून पाहावे. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर येत असेल तर ठीक. ती आतल्या बाजूला अंगठ्याकडे झुकत असेल, तळपायाची कमान खाली बसत असेल, बोटे जमिनीला पकडत असतील किंवा कंबरेत खोल बाक येत असेल, तर पाऊल खुब्यापेक्षा जास्त वळवले जात आहे. याची किंमत गुडघ्याची आतली बाजू, नडगी, अंगठ्याचा सांधा आणि कंबर मोजतात. उपाय सोपा आहे, फक्त अहंकाराला जड जातो : पायांतील कोन दहा-पंधरा अंशांनी कमी करायचा आणि खुब्याच्या खोलवरच्या, पाय बाहेर वळवणाऱ्या स्नायूंना बळ द्यायचे. कुशीवर झोपून, गुडघे वाकवून, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा सावकाश उघडणे हा त्यासाठीचा प्राथमिक व्यायाम आहे. खुब्याची नेमकी मोजणी मात्र फिजिओथेरपिस्टकडून वर्षातून एकदा करून घ्यावी.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पालथे झोपवून, बेडकासारखे पाय पसरवून कुणी पाठीवर किंवा मांड्यांवर बसणे, अथवा दुसऱ्याने जोर लावून पाय डोक्यापर्यंत ओढणे, हे प्रशिक्षण नाही. त्यात खुब्याच्या कडेची कूर्चा फाटू शकते. पायाच्या कमानीला बाक आणण्यासाठी ऑनलाइन विकली जाणारी लाकडी साधनेही वाढत्या पायापासून दूर ठेवावीत. ज्यांचे सांधे मुळातच फार सैल आहेत, म्हणजे कोपर आणि गुडघे उलट्या बाजूला वळतात, अंगठा मनगटाला टेकतो, अशा मुलांना ताणण्याची गरज सर्वांत कमी आणि बळाची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमक्या त्यांनाच त्यांच्या लवचिकतेबद्दल टाळ्या मिळतात. वर्गापूर्वी अंग गरम करणाऱ्या हलत्या हालचाली कराव्यात. एका जागी थांबून दीर्घ ताण देणे वर्ग संपल्यावर करावे.

चौथी पायरी : पॉइंट शूज कधी

बोटांच्या टोकावर, म्हणजे पॉइंटवर, उभे राहण्याचे स्वप्न घेऊनच बहुतेक मुली बॅलेकडे येतात, आणि पालकांचा पहिला प्रश्नही वयाबद्दलच असतो. इंटरनॅशनल असोसिएशन फॉर डान्स मेडिसिन अँड सायन्स या संस्थेचा सल्ला असा आहे की बाराव्या वर्षाआधी कुणालाही पॉइंटवर चढवू नये. त्यानंतरही घोटा, पाय, खुबा आणि धड यांचे बळ पुरेसे नसेल तर थांबावे. आठव्या वर्षानंतर सुरुवात करून आठवड्यातून किमान दोनदा शिकणाऱ्या मुलीने साधारण चार वर्षांच्या शिक्षणानंतरच त्याचा विचार करावा. आठवड्यातून एकच वर्ग करणाऱ्या आणि व्यावसायिक मार्गावर नसलेल्या मुलीला पॉइंटचा आग्रह धरू नये. वय हा केवळ खालचा उंबरठा आहे, ते तयारीचे प्रमाणपत्र नाही.

तयारी तपासण्याच्या काही चाचण्या शिक्षक किंवा फिजिओथेरपिस्ट घेऊ शकतात. बसून पाऊल ताणले असता नडगी आणि पावलाचा वरचा भाग एका रेषेत यायला हवा. एका पायावर उभे राहून, धड पुढे आणि दुसरा पाय मागे जमिनीला समांतर नेऊन, उभा गुडघा वाकवत हात जमिनीकडे न्यायचे. पाच वेळांपैकी किमान चार वेळा गुडघा आत झुकता कामा नये. एका पायावर सलग सोळा उड्यांपैकी किमान आठ उड्यांत धड स्थिर, हवेत पाऊल ताणलेले आणि उतरताना गुडघा बोटांच्या रेषेत असायला हवा. आणि एका पायाच्या चवड्यावरची एक स्वच्छ गिरकी तोल न जाता पूर्ण व्हायला हवी. याशिवाय आधाराशिवाय एका पायावर पंचवीस वेळा सावकाश टाच उचलता येणे ही व्यवहारात वापरली जाणारी सोपी कसोटी आहे.

पहिली जोडी ऑनलाइन मागवू नये. मूल वाढते आहे म्हणून एक माप मोठी घेणे ही आपली नेहमीची काटकसर येथे धोक्याची ठरते, कारण सैल बुटात पाऊल खाली घसरते आणि सगळे वजन अंगठ्याच्या टोकावर येते. फार घट्ट बुटात बोटे दुमडतात. बुटाचा तळ मऊ पडून पाऊल पुढे कोसळू लागले, की जोडी कितीही नवी दिसत असली तरी तिचे काम संपले.

जमिनीबद्दल थोडक्यात : सिमेंट, कोटा किंवा टाइल्स यांवर थेट पातळ व्हिनाइल अंथरलेली जागा दिसायला चकचकीत असली तरी ती धक्का शोषत नाही. लाकडी पट्ट्यांखाली पोकळी किंवा फोम असलेली, किंचित दबणारी जमीन हवी. सोसायटीच्या हॉलमध्ये वर्ग भरत असेल, तर बारवरचे, म्हणजे आधाराच्या दांडीला धरून करायचे, काम तेथे खुशाल व्हावे. मोठ्या उड्या मात्र तेथे मोजक्याच असाव्यात, हे शिक्षकांशी बोलून ठरवावे.

पाचवी पायरी : दुखणे कोठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा

दुखणाऱ्या जागेवर एक बोट ठेवता येते की पूर्ण तळहात फिरवावा लागतो, हा पहिला प्रश्न. हाडावर एका बोटाइतक्या जागी दुखत असेल, उडीनंतर वाढत असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे सततच्या भाराने हाडाला जाणाऱ्या बारीक तड्याचा, संशय घ्यावा. बॅलेत ही जागा वैशिष्ट्यपूर्ण असते : पावलाच्या दुसऱ्या लांब हाडाचे मूळ, पावलाच्या मध्यावर वरच्या बाजूला. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही, आणि "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हटल्यावर मुलगी पुन्हा पॉइंटवर उभी राहते. संशय कायम असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले दुखणे त्यामानाने सौम्य असते आणि भार उतरवल्यावर कमी होते. तेच आकसून एका बिंदूवर आले, तर गांभीर्याने घ्यावे.

घोट्याच्या मागे, टाच आणि पोटरीची कंडरा यांच्या मधल्या खोलगट भागात पाऊल पूर्ण ताणले की दुखत असेल, तर तेथे हाडांमध्ये ऊती चिमटली जात असते. काहींमध्ये तेथे एक छोटे जादा हाड असते. सामान्य माणसाला ते आयुष्यभर त्रास देत नाही, बॅलेत मात्र तेच आडवे येते. तेथेच आतल्या बाजूने दुखत असेल आणि अंगठा वाकवताना अडकल्यासारखे किंवा टकटक झाल्यासारखे वाटत असेल, तर अंगठा वाकवणाऱ्या कंडरेला सूज आलेली असू शकते. अंगठ्याखाली चवड्यावर दुखत असेल, तर तेथील दोन छोट्या गोल हाडांवर भार येत आहे. चवड्यावरून पाऊल बाहेर कलंडून पाचव्या बोटामागचे लांब हाड मोडणे ही नर्तकांची ओळखीची अचानक होणारी दुखापत आहे.

खुब्यात पुढच्या बाजूने होणारा टक्क आवाज दुखत नसेल तर बहुधा निरुपद्रवी असतो. मुली गंमत म्हणून तो आवाज मुद्दाम काढून दाखवतात, ती सवय मोडावी. मांडीच्या सांध्यात खोलवर दुखणे आणि बसताना अडकणे मात्र तपासून घ्यावे. कंबरेच्या एका बाजूला, विशेषतः अराबेस्कमध्ये म्हणजे पाय मागे उचलून पाठीत बाक देताना दुखत असेल आणि दोन-तीन आठवड्यांत थांबत नसेल, तर पाठीच्या कण्याच्या खालच्या मणक्याच्या मागील भागात स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकते. "वाढीचे दुखणे आहे" म्हणून ते सोडून देऊ नये. मुलग्यांमध्ये उंच उड्यांमुळे गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा आणि जोडीदाराला उचलण्यामुळे कंबर यांवर भार येतो. उचलण्याचे काम त्यांची उंचीची झेप ओसरल्यावर आणि वजनांच्या सरावानंतरच सुरू व्हावे.

सहावी पायरी : अचानक दुखापत झाल्यावरचे पहिले दोन दिवस

घोटा मुरगळला की वर्ग तेथेच थांबवावा. "एवढा तास पूर्ण करते" हे ऐकू नये. पाय उंच ठेवावा, लवचिक पट्टी बांधावी, आणि दुखणे कमी करण्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. चोळणे, मालिश, गरम शेक आणि हाड बसवून देणाऱ्याकडे नेणे पूर्णपणे टाळावे. मुलीला आधाराशिवाय चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला किंवा टोकाला, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावरच्या उंचवट्यावर, अथवा पावलाच्या आतल्या बाजूच्या कमानीच्या हाडावर दाबून दुखत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे काढावा. वाढत्या वयात लिगामेंटपेक्षा, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या बंधापेक्षा, हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची पट्टी आधी तुटू शकते, म्हणून "नुसती लचक आहे" असे घरी ठरवू नये. पाऊल बधिर होणे, थंड वा निळे पडणे, सांधा वाकडा दिसणे, किंवा तापाबरोबर सांधा सुजणे यांत एक तासही थांबू नये.

वेदनाशामक गोळी घेऊन कार्यक्रमात उतरणे ही रंगमंचामागची जुनी रीत आहे. गोळी दुखणे झाकते, भार तसाच राहतो.

सातवी पायरी : डॉक्टरांना काय विचारावे

आपल्याकडील बहुतेक अस्थिरोगतज्ज्ञांनी बॅले जवळून पाहिलेला नसतो, आणि "नाच बंद करा" हा सल्ला त्यांच्या दृष्टीने सुरक्षित असतो. त्यामुळे बूट आणि भाराची वही सोबत न्यावी, कोणत्या हालचालीत दुखते त्याचा छोटा व्हिडिओ दाखवावा, आणि प्रश्न असा विचारावा : हिने काय करू नये, काय करता येईल, आणि पुढच्या टप्प्यावर जाण्याची कसोटी कोणती? शक्य असेल तेथे क्रीडावैद्यक किंवा क्रीडा-फिजिओथेरपीचा अनुभव असलेल्यांकडे जावे. पोटरीच्या कंडरेजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेले, तर दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

आठवी पायरी : ताट आणि पाळी

हा भाग अनेक घरांत बोलला जात नाही, म्हणून थोडे सविस्तर. सरावाला लागणारी ऊर्जा आहारातून भरून निघाली नाही, तर शरीर पाळी, हाडांची बांधणी आणि रोगप्रतिकार यांवरचा खर्च कमी करते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या स्थितीला रेड-एस हे नाव दिले. ती मुलग्यांमध्येही आढळते. पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नसेल, तर "नाचणाऱ्या मुलींचे असेच असते" असे न म्हणता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. पुन्हा पुन्हा होणारे स्ट्रेस फ्रॅक्चर ही याच साखळीतली पुढची कडी असते. स्वित्झर्लंडमधील प्री द लोझान ही १९७३ साली सुरू झालेली तरुण नर्तकांची स्पर्धा आज उमेदवारांच्या आरोग्याची माहितीही विचारात घेते, ते याच कारणाने.

व्यवहारात सांगायचे तर संध्याकाळच्या वर्गाआधी काहीतरी पोटात जायला हवे : पोहे, उपमा, केळे, शेंगदाण्याची चिक्की. वर्गानंतर तासाभरात वरण-भात, पोळी-भाजी, दही, अंडे किंवा मासे असे पूर्ण जेवण हवे. नाचणी, तीळ आणि दूध कॅल्शियमसाठी उत्तम. ऊन भरपूर असले तरी घर, शाळा आणि स्टुडिओ यांत दिवस घालवणाऱ्या मुलांमध्ये 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते; रक्त तपासून डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच पूरक गोळी घ्यावी. वजनाबद्दल वर्गात सर्वांदेखत शेरे मारले जात असतील, तर ती बाब पालकांनी शिक्षकांकडे थेट काढावी आणि फरक पडत नसेल तर वर्ग बदलावा.

नववी पायरी : वर्गात परतणे

दुखणे थांबले म्हणजे परतण्याची वेळ आली असे नाही. तेव्हा परतण्याची तयारी सुरू होते. विश्रांतीच्या काळातही जमिनीवर पडून करायचे बारचे व्यायाम, पोटाचे आणि दुसऱ्या पायाचे बळ, आणि वर्गात बसून पाहणे चालू ठेवावे, म्हणजे मुलगी गटापासून तुटत नाही. मग दोन्ही हातांचा आधार घेऊन बार, नंतर एका हाताने. त्यानंतर आधाराशिवाय संथ हालचाली. मग दोन पायांवरच्या छोट्या उड्या, एका पायावरच्या उड्या आणि शेवटी मोठ्या उड्या. तालमीत बाकीचे पूर्ण नाचत असताना आपण केवळ हातांनी आणि चालीने रचना करत राहणे, ज्याला नर्तक मार्किंग म्हणतात, ही या काळातली अधिकृत सोय आहे. ती वापरायला संकोच वाटू नये, एवढे शिक्षकांनी एकदा सर्वांसमोर सांगावे.

प्रत्येक टप्प्यावर किमान दोन-तीन वर्ग काढावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसे वाटते ते पाहावे. कंडरेच्या दुखण्यात दहापैकी दोन-तीन इतकी वेदना, जी रात्रीतून शमते, ती चालवून घेता येते. हाडाच्या दुखापतीत मात्र शून्याच्या वर काहीही चालवून घेऊ नये. दुसऱ्या लांब हाडाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरला सहा ते आठ आठवडे उड्या आणि पॉइंट बंद ठेवावे लागणे साहजिक आहे. दुखापत झालेल्या पायावर दुसऱ्या पायाइतक्याच वेळा, त्याच उंचीपर्यंत टाच उचलता येऊ लागली आणि एका पायावर न दुखता उड्या मारता आल्या, की पॉइंट शूज पुन्हा घालायला सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात वर्गाच्या शेवटी, बारला धरून, दोन्ही पायांवर पाच ते दहा मिनिटे. एका पायावरचे काम त्यानंतर, आणि बार सोडून मध्यभागी येणे सर्वांत शेवटी.